शेरूला अंगण हवं

पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर सरलाच्या हातातला भज्यांचा पुडा एका धिप्पाड अल्सेशियन कुत्र्यानं हिसकावला, आणि सगळं तिथूनच सुरू झालं. मागून साखळी धरायला धावत आला श्रीधर, सरकारी कचेरीतला बाबू, कानापर्यंत लाल झालेला. "माफ करा... शेरू असा नाई हो!" सरला रागवायचं सोडून फिस्सकन हसली. मग काय, शिवणक्लासला जाताना रोज तिच्या पिशवीत एक पोळी जास्तीची. शेरूसाठी... हो, शेरूसाठीच म्हणा!

आणि आता श्रीधरची मंडल्याला बदली झाली होती. एकट्या बाबूला तिथं क्वार्टर मिळत नव्हतं. भाड्याची एक खोली, ती पण माडीवर. म्हणून शेरूसाठी घर शोधणं चाललेलं, आणि नखरे असे, जणू पोरगीच द्यायची आहे. किराणावाला दिवसभर बांधून ठेवेल, म्हणून नको. मास्तरांच्या घरी सगळे म्हातारे, त्यांना साखळीची ओढ झेपायची नाही.

"अल्सेशियन काही शोभेची वस्तू नाई," तो सांगे. "त्याले धावाले जागा लागते, काम लागते, संग माणूस लागते. तुमच्या घरी अंगण हाय?"

"हाय ना. मोठ्ठं हाय!" सरलानं ठोकून दिलं.

सरळ सरळ थाप! दोन खोल्या आणि एक मोरी, एवढाच तिचा बंगला. पण शेरू तिच्याकडे राहिला, तर श्रीधर सुट्टीत त्याला भेटायला तरी येईल. नाहीतर मंडल्याला गेलेला माणूस कशाला परततो?

"मग रविवारी येऊन पाहून घेतो," श्रीधर म्हणाला.

शेजारचे पुंडलिकराव लग्नाला सौसरला गेलेले, किल्ली सरलाच्या घरी. रविवारी तिनं त्यांचं फाटक उघडलं. "काहून असं करून राहिली वो?" माय कुरकुरली. "उद्या तो कुत्रा काय माह्या डोक्यावर ठेवशीन?" आणि फणकाऱ्यानं आपल्या घरी जाऊन भाकरी थापायला बसली.

श्रीधर आला. अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, भिंतीची उंची पाहिली.

"झकास हाय. दिवसा कोन असते घरी?"

"माय असते. आता... बाहेर गेली."

एवढ्यात शेरूनं नाक वर केलं, एक उडी मारली आणि भिंतीपलीकडे पसार! पाठोपाठ मायची किंकाळी. "अवो सरला! हे धूड आपल्या घरात घुसलं वो! फडक्यासकट भाकर नेली!"

श्रीधर सरलाकडे पाहतच राहिला. ती मान खाली घालून पुढे चालू लागली, तो मागून.

आत शेरू वळला तर शिलाई मशीनचं स्टूल पडलं, बसला तर वाट बंद झाली. श्रीधरनं मायला जयभीम केला आणि सरलाकडे वळला. "खोटं काहून बोलल्या? इथं तो झुरून मरन. या घराले एखादं गावठी पिल्लू शोभते."

झालं, संपलं सगळं! सरलाला रडू फुटलं, आणि रडता रडता ती बोलून गेली, "मले कुत्रा नोकोच होता! तुमी जाऊन राहिले... शेरू इथं असता, त तुमी आले असते."

चुलीपाशी मायचा हात थांबला. श्रीधरचे कान पुन्हा लाल झाले.

"मंडल्याले क्वार्टर हाय," तो कसाबसा म्हणाला. "मागं मैदान हाय. पन ते लग्न झालेल्यालेच देतात. शेरूले दुसऱ्याले देनं सोपं होतं... तुमाले इचारनं नाई."

सरलानं पदरानं डोळे पुसले.

"मैदान केवढं हाय?"

"शेरू धावते एवढं."

"दिवसा कोन असते घरी?"

"अजून त... कोनी नाई."

"आन् हे खोटं नाई ना?"

"येऊन पाहून घ्या!"

मायनं डोळ्याला पदर लावला, मग शेरूकडे पाहून कपाळावर हात मारला. "आधी त्याच्या तोंडातलं माहं फडकं काढा बापू. मग बसा, तुमच्या आईले कधी घेऊन येता ते सांगा."