रेघेवरचं टेंगूळ

टेबलावर चित्रकथांचे अडतीस जुने अंक होते. प्रत्येकी बारा पानं, म्हणजे चारशे छप्पन्न. चित्रकाराचं नाव एकाही पानावर नव्हतं. भिंगरीने दोनदा मोजलं होतं.

"शेवटच्या पानावर नाव आहे की!" ग्रंथपाल म्हणाले. "तेच पाटीवर टाकलंय. पाटी चारला छापायला जाणार. उद्या प्रदर्शन!"

"अहो काका, ते छापखान्याच्या मालकाचं नाव आहे!" भिंगरीचा धाकटा भाऊ ढब्बू ओरडला. "चित्रं आमच्या आत्याआजीने काढलीत!"

"मग काढून दाखवू दे एखादं."

शेजारी बसलेल्या आत्याआजीने पेन्सिल उचलली. हात थरथरत होता. कागदावर नुसता गिचमिडा झाला.

"चला रे घरी," ती हळूच म्हणाली. "मूळ चित्रं कधीच रद्दीत गेली. आता कोण विश्वास ठेवणार?"

भिंगरीने घड्याळ पाहिलं. सव्वातीन! आत्याआजीच्या हातची एखादी खूण शोधत तिने भिंग घेऊन पानामागून पान पालथं घातलं. नाकं, कान, बोटं... काहीच हाती लागेना! मग चौकटीच्या रेघेपाशी ती थबकली.

"ढब्बू, या रेघेला टेंगूळ आलंय!"

"मलम लाव."

"गप रे! पुढच्या पानावरही आहे. त्याच जागी! कोपऱ्यापासून आठ सेंटिमीटर. आत्याआजी, तुझी पट्टी आहे अजून?"

"आहे ना. टोक कोपऱ्याला टेकवूनच आखायचे मी." तिने पिशवीतून लाकडी पट्टी काढली. काठाला खाच होती. निब तिथेच अडखळत असणार!

ढब्बूने खाचेचं अंतर मोजलं आणि त्याचं तोंड उतरलं. "बारा."

आठ कुठे, बारा कुठे! भिंगरीला रडूच फुटलं. चारला दहाच मिनिटं कमी होती.

"अगं वेडे, रडतेस काय?" आत्याआजी म्हणाली. "आम्ही चित्रं दीडपट मोठी काढायचो. छापताना लहान करत."

"बारा भागिले दीड," ढब्बू किंचाळला, "आठ!"

ग्रंथपालांनी भिंग जवळजवळ हिसकावलंच. एक पान, दुसरं, दहावं... मग त्यांनी फोन उचलला. "पाटी थांबवा!"

ते आत्याआजीकडे वळले. "चुकलो, बाई. माफ करा. आणि पोरांनो, शाब्बास! मी वीस वर्षं हे अंक नुसते झटकत होतो. पण आता सगळे मोजूनच नाव लिहू."

सहा वाजता ढब्बूने आकडे वाचले, भिंगरीने वहीत उतरवले. टेंगूळ असलेले अंक पस्तीस, नसलेले तीन. अंतर आठ सेंटिमीटर. फरक जास्तीत जास्त अर्धा मिलिमीटर. मग ग्रंथपालांनी पाटीवर त्या पस्तीस अंकांपुढे आत्याआजीचं नाव लिहिलं.