खांबांचा पहिला रंग

“ओ मॅडम! प्रेमाची नावं घरच्या भिंतीवर कोरा. हा स्टेशनचा खांब आहे!”

मी दचकले. वळून पाहिलं, तर पिवळं हेल्मेट, सिमेंटनं पांढरे झालेले बूट आणि... इतके हसरे डोळे, की आलेला राग क्षणभर विसरायलाच झालं. क्षणभरच हं! माझा राग असा स्वस्तातला नाही.

“नाव नाही कोरत,” मी गळ्यातलं ओळखपत्र त्याच्यासमोर नाचवलं. “जुन्या वास्तूंच्या कार्यालयातून आलेय. या खांबांचा पहिला रंग शोधायला. मी सांगेपर्यंत तुम्ही ब्रश बुडवायचा नाही.”

“अरे बापरे! म्हणजे आमची वाट लावायला येणाऱ्या त्या तुम्हीच?”

“मीच. आणि तुम्ही?”

“वाट लागणारा इंजिनिअर.”

झालं! हसू दाबता दाबता माझ्या नाकी नऊ आले.

स्टेशन नव्यानं बांधायचं काम जोरात चाललं होतं. नवा पूल, सरकते जिने, रुंद फलाट... जुन्यातलं राहणार होतं ते एवढंच, छप्पर पेलणारे लोखंडी खांब. मी रोज पात्यानं हलक्या हातानं रंगाचे थर सोलायचे आणि हा स्वतःची कामं सोडून मागे उभा राहायचा. वर करडा, त्याखाली निळा, त्याखाली हिरवा.

“हिरवा माझ्या आत्याच्या कॉलेजच्या दिवसांतला,” मी सांगितलं. “तिचं म्हणणं, स्टेशन जन्मापासून हिरवंच होतं.”

“आत्या जन्माच्या वेळी हजर होत्या?”

“तिला हे विचारून दाखवा! तेव्हा इथं वस्तीच नव्हती हो. भट्टीच्या विटा भरायला नुसती मालगाडी थांबायची. मग कामगारांसाठी तिला एक डबा जोडला, मग घरं आली, मग आमच्यासारखी रोज धावत येणारी माणसं.”

“तुम्ही पण इथूनच जाता? आणि मी इतके दिवस नुसता सिमेंट बघत बसलो!”

तेवढ्यात एक गाडी न थांबता धडधडत गेली. वाऱ्यानं रंगाचे सगळे कपचे उडाले ते थेट माझ्या केसांत. त्याचा हात चटकन पुढे आला... आणि तितक्याच चटकन खिशात गेला.

“तिथं... हिरवा अडकलाय,” तो म्हणाला आणि भलतीकडेच बघू लागला.

मला असा राग आला! एक कपचा काढायला काय झालं होतं? घरी जाऊन आत्यावर उगाच डाफरले. ती म्हणाली, “कोण आहे गं तो?” मी म्हटलं, “कोण कुठला, कुणी नाही.” ती गालातल्या गालात हसली.

मग तो दिवस आला. शेवटच्या खांबाचा तळ लागला आणि मी आनंदानं समोरच्या फलाटावर उभ्या असलेल्या त्याला ओरडून सांगितलं, “लाल लागला! उद्या रिपोर्ट!” त्यानं हेल्मेट काढून हवेत उडवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनवर पाय ठेवला आणि बघते तर काय... सगळे खांब लालभडक! त्यांच्यामध्ये तो उभा, डोळे जागरणानं तारवटलेले, चेहरा मात्र परीक्षेत पहिला आल्यासारखा.

“उद्घाटन उद्यावर आलंय,” तो म्हणाला. “उशीर झाला तर साहेब मला या कामावरून काढणार. पण आता फक्त तुमची सही!”

मी ‘लाल लागला’ म्हणून ओरडले होते, ते तळ सापडला म्हणून. लाल हा खांबांचा रंग नव्हताच. लोखंड गंजू नये म्हणून आधी लावतात तो थर होता. खरा पहिला रंग त्याच्या वरचा, दुधावरच्या सायीसारखा पिवळसर. हे माझ्याशिवाय कुणालाच कळणार नव्हतं. सही केली असती तर तो वाचला असता. नाही केली तर... तो परत माझ्याकडे बघून हसणार होता का?

मला तो आवडत होता. खूप आवडत होता. पण खोट्या रंगावर सही करायला माझा हात उठेना.

“चुकलाय,” मी कसंबसं म्हटलं. “हा प्रायमर आहे.”

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो खाली बाकावर बसला.

“प्रायमर असेल असं मनात आलं होतं माझ्याही,” तो हळूच म्हणाला. “पण घाई होती ना.”

“उद्घाटनाची?”

“छे! तुमची.”

“माझी?”

“तुम्ही माझं काम तपासणार. त्याआधी काही बोललो असतो, तर लोक म्हणाले असते, सहीसाठी गोड बोलतोय. तुम्हालाही वाटलं असतं. म्हणून म्हटलं, काम संपू दे... मग विचारीन. आता कसलं काम संपतंय!”

माझी छाती इतकी धडधडत होती, की गाडी आली असती तरी ऐकू गेली नसती. मी पिशवीतून कागद काढला, त्याच्याच गुडघ्यावर ठेवला आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं: रंग नामंजूर. खाली सही ठोकली.

“हे बघ,” मी म्हटलं. “तुझ्या विरुद्ध निकाल दिला. आता सहीसाठी गोड बोललास असं कोण म्हणेल? विचार!”

तो कागदाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे... आणि मग सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं त्यानं विचारलं.