तंबूतला साहेब

यातलं काहीही मी रंगवून सांगत नाही. जसं घडलं, तसंच लिहितो.

डिसेंबर १९५८. कणकवलीजवळचा डोंगर. आम्ही क्रोमाइट शोधत होतो. दुर्मिळ, काळं, जड खनिज. पण फसवं, कारण चुंबकाला चिकटणारं एक लोहखनिजही तसंच दिसतं.

सकाळी मी मदतनीस गुणाजीला दोन्ही दगड चिनीमातीच्या खरखरीत तुकड्यावर घासून दाखवले. रेघ तपकिरी आली तर क्रोमाइट. काळी आली तर लोखंड.

"आणि भुताची रेघ खंयच्या रंगाची, साहेब?" गुणाजी हसला.

दुपारनंतर त्याने मला रहाटाच्या दोरीने एका जुन्या खड्ड्यात सोडलं. खोल खड्डा. भिंती सरळ, चढायला आधार नाही. तळाशी मी कमरेची दोरी सोडली आणि आडव्या बोगद्यात शिरलो.

मागे...

रहाट करकरला.

मी धावत परत आलो. दोरी वर चालली होती. ताणलेली. टोकाला माणूस असावा तशी.

"इलात? चला, चाय ठेवतंय," वरून गुणाजीचा आवाज आला.

पावलं दूर गेली...

दोघांची.

मी घसा बसेपर्यंत ओरडलो. वरचा आभाळाचा तुकडा तांबडा झाला, मग काळा. बॅटरी विझली. पाणी नव्हतं. त्या डोंगरावर आमच्याशिवाय कुणी फिरकत नसे.

शेवटी कडेला कंदील दिसला.

"गुणाजी! दोरी सोड!"

"तू कोण?"

"अरे, मी! साहेब!"

"साहेब तंबूत आसत. पाठमोरे बसान दगड घासतत. चायेक हात लावूक नाय."

"तो मी नव्हे रे!"

तो कडेवरून वाकला. मग म्हणाला, "सकाळचो एक दगड टाकतंय. वळख."

दगड पायाशी पडला. अंधारात रेघ दिसणार नव्हती. मी खिशातलं लोहचुंबक काढलं.

खट्. घट्ट चिकटलं.

"लोखंड! गुणाजी, लोखंड!"

गुणाजीने कंदील पुढे केला.

"तुजी हाक आयकान होच दगड दाखवन मी तंबूतय इचारलंय. तेंनीय ताच सांगल्यानी."

कंदील मागे सरला.

मी रडलो. "गुणाजी, मी इथे मरेन रे..."

बऱ्याच वेळाने दोरी खाली आली.

मी कडेवर हात टेकताच गुणाजी रहाट सोडून मागे पळाला. हातात कोयता होता.

तंबू रिकामा होता.

चहाचा कप मात्र... संपलेला.

त्यानंतर गुणाजीने माझं काम सोडलं. मागल्या वर्षी मसुऱ्याच्या जत्रेत तो दिसला. मी हाक मारली. तो आला, पण हातभर लांब उभा राहिला.

"अजून संशय?" मी हसत विचारलं.

तो हसला नाही. "मी दोगांक वर काडलंय, साहेब. घराक गेलो तो कोण?"

त्या रात्री जत्रेतून मी उशिरा घरी पोहोचलो. दार वाजवलं. आतून बायकोने, आनंदीने, विचारलं, "कोण?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही.