दबावाची दिशा

कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत स्वेच्छामापकाची शेवटची चाचणी पार पडली आणि डॉ. रघुवीर मोहितेनं सगळ्यांना पेढे वाटले. दूरनोटरी आता अधिकृत होणार होती. घरबसल्या पडद्यासमोर सही करायची. ती राजीखुशीची आहे की कुणी मानगुटीवर बसून करून घेतली आहे, ते यंत्रानं सांगायचं.

"पण कॅमेऱ्याला बुजलेला माणूस आणि दबावाखालचा माणूस, यांतला फरक यंत्राला कळतो कसा?" सरकारी निरीक्षकांनी विचारलं.

उत्तर रघुवीरची सहकारी डॉ. झरीन मुजावर हिनं दिलं. "साहेब, बुजणं कुठल्याही दिशेला नसतं. दबावाला मात्र दिशा असते. दबलेला माणूस सहीआधी क्षणभर त्या दुसऱ्या माणसाचा अंदाज घेतो. त्याचा आवाज आला, नाव दिसलं, की चेहऱ्याचा रक्तप्रवाह बदलतो, बुबुळ थरथरतं. यंत्र तेवढंच टिपतं आणि दबाव कुणाचा तेही सांगतं. सही करणाऱ्या प्रत्येकाला मोजतो आम्ही. देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही."

"मग समोरासमोरचा नोटरी ठेवायचाच कशाला?"

"असू दे की," रघुवीर घाईनं म्हणाला. "ज्याला जिथं जायचं तिथं जाऊ दे."

झरीननं चमकून त्याच्याकडे पाहिलं. समोरासमोरची पद्धत बंद करा, म्हणून तीन वर्षं कंठशोष करणारा हाच माणूस होता.

घाईचं कारण सांगलीत होतं. वडिलांच्या जागेवर इमारत उठणार होती आणि त्यासाठी थोरल्या बहिणीचं, अनसूयाआक्काचं, हक्कसोडपत्र हवं होतं. आक्का विधवा, मिरजेत भाड्याच्या एका खोलीत राहणारी. तिनं कधी काही मागितलं नव्हतं, आणि रघुवीरनंही कधी काही विचारलं नव्हतं. त्याच्या बायकोनं साडी आणून ठेवली होती. हक्क सोडणाऱ्या बहिणीला भावानं साडी नेसवायची, ही आपल्याकडची रीत. अर्ध्या जागेच्या बदल्यात सहा वार कापड, आणि वर बहिणीनंच भावाला आशीर्वाद द्यायचा.

"तुझ्याच यंत्रापुढं करू की रं सही," आक्का फोनवर म्हणाली होती. "माझं गुडघं लई दुखत्यात."

"नको आक्का. चौगुले वकिलांकडे जाऊ. आपल्या माणसासमोर झालेलं बरं."

हे बोलताना त्याची त्यालाच लाज वाटली होती. यंत्रापुढं आक्का बसली तर तांबडा दिवा लागेल आणि दिशेच्या रकान्यात आपलं नाव उमटेल, या भीतीनं त्याची झोप उडाली होती. चौगुले काही रक्त वाचत नाहीत. ते "राजीखुशीनं ना, ताई?" विचारतात आणि शिक्का मारतात.

चौगुल्यांचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद. दुसऱ्या मजल्यावर आक्का मटकन पायरीवर बसली. तिच्या कपाळावर घाम होता.

"आता न्हाई जमायचं बाबा. काढ तुझा फोन."

नाही म्हणायला सबब उरली नव्हती. रघुवीरनं नुकतीच अधिकृत झालेली दूरनोटरी उघडली. पडद्यावर मसुदा आला. आक्कानं चष्मा लावून तो सावकाश वाचला, मग बोटानं सही केली. सही करताना तिनं भावाकडे पाहिलंसुद्धा नाही.

दिवा हिरवा. दबाव नाही.

रघुवीरला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीच शरम वाटली. म्हणजे ती खरोखरच मनापासून देत होती! आपण तिला उगाच जिने चढवले होते.

आता घेणाऱ्याची, स्वीकृतीची सही. त्यानं फोन स्वतःसमोर धरला. पडद्यावर आक्काचं नाव आलं. शेजारी ती गुडघा चोळत बसली होती. त्यानं बोट टेकवलं.

दिवा तांबडा झाला. फोन मोठ्यानं बोलला, "दबाव आढळला. दिशा, श्रीमती अनसूया घाटगे. त्यांनी कृपया दूर जावं. सही करणाऱ्याशी एकांतात बोलायचं आहे."

आक्का गोंधळली. "अगं बया! मी कवा रं जबरदस्ती केली तुझ्यावर?"

यंत्र बिघडलं आहे, असं सांगणं सोपं होतं. पण यंत्र त्यानंच बनवलं होतं आणि ते अगदी बरोबर चाललं होतं. तिनं ब्र काढला नव्हता. तरी तिच्या नुसत्या नावासरशी याचं रक्त खाली मान घालत होतं.

"थांब, जाते मी खाली. तू बोल मोकळेपणानं," आक्का म्हणाली. कठडा धरून ती उठली आणि एकेक पायरी उतरू लागली. दर पायरीला ती "आई गं" म्हणत होती, तेही हळू आवाजात, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

"तुम्हाला ही सही करायची आहे का?" यंत्रानं विचारलं.

"हो."

दिवा तांबडाच.

"पुन्हा विचारते. तुम्हाला ही सही करायची आहे का?"

रघुवीरचा चेहरा शरमेनं जळत होता. साडीची पिशवी त्यानं पायरीवर ठेवली.

"नाही," तो म्हणाला. "निम्मी जागा तिची आहे."

दिवा हिरवा झाला.

"आक्का, थांब!" तो कठड्यावरून वाकून ओरडला. "सही नाही करायची मला!"

खालून आक्का धापा टाकत म्हणाली, "मुडद्या, मग घरीच सांगायचं हुतंस की!"