हिरव्या चुड्याच्या पोटात

लातूरच्या गंजगोलाईत तेव्हा बांगड्यांची दुकानं पुष्कळ होती, पण लाखेच्या बांगड्या स्वतःच्या हातानं बनवून विकणारा एकटा गुरुपादप्पा बळेगार. हे काम तो ऐन उमेदीत हैदराबादेत सात वर्षं राहून शिकला होता. कामात वाघ, पण स्वभावानं इतका सोवळा की गल्लीतली माणसं त्याची टर उडवत. कुणी फुंकर घालून निववलेला चहा त्याच्या घशाखाली उतरत नसे. पोटची एकुलती एक पोर सिंधु, तिच्या ताटातला घाससुद्धा त्यानं कधी खाल्ला नव्हता. दुसऱ्याच्या तोंडाची त्याला किळस होती आणि ती तो लपवतही नसे.

निजामाच्या फसली सनाच्या तेराशे पन्नासच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे एक्केचाळीसच्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदमच अंगावर आल्या. लढाईच्या कामाला लाख जाऊ लागली नि बाजारात दिसेनाशी झाली. आणि सिंधूचं लग्न ठरलं. तिचं आधीचं स्थळ साखरपुडा होऊन मोडलं होतं. कारण कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळं गावानं आपापली कारणं लावली. दोन वर्षं पोरगी खाली मान घालून वावरली. आता औशाचा वीरण्णा पुढं आला होता. हे लग्न मोडलं तर तिसरं स्थळ येणार नाही, हे घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं, म्हणून त्याविषयी कुणी बोलत नसे.

त्याच सुमारास जिनिंगच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला एक गोरा साहेब शत्रूच्या मुलखातला निघाला. त्याला मोटारीत घालून नेलं आणि बंगल्यातल्या सामानाचा हर्रास झाला. गुरुपादप्पानं त्यातून ग्रामोफोनच्या तव्यांची पेटी उचलली. तबकडीला इकडं तवाच म्हणत. तव्यात लाखच असते, दगडाची भुकटी नि काजळी घालून थापलेली, हे त्याला हणमंतरावांनी सांगितलं होतं. हणमंतराव त्याच कारखान्यात कारकून. नाटकातल्या पदांचे वेडे, आणि घरी चावीचा ग्रामोफोन. तवे फोडण्याआधी एकदा ऐकू द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं.

भर दुपारी त्यांच्या माडीवर दोघे बसले. चाळीस तवे, आणि सगळ्यांवर एकाच बाईचं नाव. साहेबानं हणमंतरावांना सांगितलं होतं की त्यांच्या मुलखातही संगीत नाटकं असतात. एका तऱ्हेच्या नाटकात हसतखेळत लग्नं लागतात, दुसऱ्या तऱ्हेच्या नाटकात शेवटी सगळी मरतात. ही बाई रीतसर तालीम घेतलेली, दोन्हीतली पदं गाणारी. हणमंतरावांनी चावी दिली. आधी सारंग्यांसारखी पुष्कळ वाद्यं उठली, मग बाईचा आवाज निघाला आणि चढत गेला. वर जाऊन तो तसाच उभा राहिला.

हणमंतरावांनी डोळे मिटून मान हलवली. गुरुपादप्पाला मात्र किळस आली. आवाज वाईट नव्हता, उलट स्वच्छ होता, पण त्याला त्या बाईचं उघडं तोंडच दिसू लागलं: ओली जीभ, टाळू, मागं हलणारी पडजीभ. जन्मभर फुंकणीनं निखारे फुलवणारा माणूस. दम कुठं तुटतो ते त्याला बरोबर कळे. ही बाई आता श्वास घेईल म्हणून तो वाट पाहत राहिला. तवा संपला. पालटून लावला. मग दुसरा, तिसरा, आठवा.

"ही बाई दम घेतच न्हाई की," तो म्हणाला.

हणमंतरावांनी कान देऊन पुन्हा ऐकलं आणि यंत्रात काहीतरी कापाकापी करत असतील म्हणून सोडून दिलं. एक तवा मात्र त्यांनी हौसेनं मागून घेतला. उरलेले एकोणचाळीस गुरुपादप्पानं दुसऱ्या दिवशी अंगणात हातोडीनं फोडले.

लाखेच्या बांगडीला पोट असतं. आत हलका, भर घातलेला काळा गाभा आणि वर रंगीत लाखेचं पातळ कातडं. पोट कुणी पाहत नाही, म्हणून त्यात काहीही भरणारे बळेगार, म्हणजे बांगडीवाले, होते. गुरुपादप्पा त्यांतला नव्हता. हाताशी उरलेली थोडी चोख लाख त्यानं गिऱ्हाइकांच्या चुड्यांना लावली. सिंधूचा चुडा घरचा, विकायचा नाही, तेव्हा त्याच्या पोटात तव्याची लाख चालेल असं त्यानं ठरवलं. पंचक्रोशीत एवढा इमानी माणूस मिळाला नसता, आणि त्या इमानानंच त्याचा घात केला.

शेगडीवर तुकडे मऊ झाले तेव्हा लाखेचा ओळखीचा वास आलाच नाही. न धुतलेल्या तोंडाचा वास आला, सकाळचा, शिळा. गुरुपादप्पा उठला, हात धुऊन परत बसला. गोळा ओढला की त्याची तार तुटेना, लोंबत राही, आणि तिच्या टोकाला थेंब धरे. मधूनच गोळ्यावर बुडबुडा फुगे आणि फस्सकन बसे. त्याची बायको शांतम्मा दारातून म्हणाली की हे टाकून द्या, मला मळमळतंय. पण पोटात भरायला दुसरी लाख नव्हती आणि लग्न आठवड्यावर आलेलं. नाकाला फडकं बांधून त्यानं बारा बांगड्या वळल्या, वर कातड्यापुरत्या राखून ठेवलेल्या लाखेचं हिरवं कातडं चढवलं. दिसायला त्या इतक्या सुरेख झाल्या की त्याची शंका त्यालाच खुळी वाटली.

हळदीच्या दिवशी त्यानं स्वतः चुडा भरला. लाखेची बांगडी सांध्यावर ऊन करून उघडायची, मनगटावर घालायची आणि तापल्या सळईनं सांधा मिटवायचा. एकदा मिटवला की नवरीच्या हातावर तो वर्षभर उघडायचा नाही. उघडला तर ते नवऱ्याच्या जिवावर येतं असं मानतात, आणि सासरच्यांना कळलं तर सोडचिठ्ठीशिवाय गत्यंतर नाही.

संध्याकाळी सिंधु म्हणाली, "आप्पा, ह्या कोमटच हायत अजून."

नव्या आहेत, निवतील, असं त्यानं सांगितलं. सकाळी तिची उशी मनगटाखाली ओली होती. शांतम्मानं हात पुसून दिले. घटकाभरानं बांगड्यांवर पुन्हा ओलसर झाक आली. माश्या मात्र बसत नव्हत्या. जवळ येऊन त्या वळत होत्या, हे गुरुपादप्पानं नीट बघून ठेवलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी हणमंतराव ठेवून घेतलेला तवा परत घेऊन आले. एरवी बोलका माणूस, पण दारातच उभा राहिला. मग सांगू लागला: तवा तोच, त्यावरची नावाची चिठ्ठी तीच. सगळी वाद्यं जिथल्या तिथं वाजताहेत, फक्त बाई नाही. तिच्या जागी वाद्यं वाट पाहतात नि पुढं जातात.

"तव्यावरनं आवाज पुसला जात न्हाई, गुरुपादप्पा," ते म्हणाले. "मला हे घरात नको."

त्यांनी तवा उंबऱ्यावर ठेवला. गुरुपादप्पानं तो उकिरड्यात नेऊन पुरला आणि तीनदा हात धुतले. चुडा उतरवावा असं त्याच्या मनात आलं. पण मांडवात औशाचे पाहुणे उतरलेले होते, आणि सिंधु दोन वर्षांत पहिल्यांदा मैत्रिणींशी हसत बसली होती. तो पाहुण्यांच्या चहापाण्याला लागला.

लग्न निर्विघ्न लागलं. सासू गुणाबाईंनी चुड्याची तोंडभरून तारीफ केली. असं पाणी कुठल्या बांगडीला पाहिलं नव्हतं म्हणाल्या.

पंचमीला सिंधु माहेरी आली आणि चार दिवसांनी गुणाबाई गाडी घेऊन तिला न्यायला आल्या. सुनेवर खूश होत्या. कामाला वाघीण, मोठ्यानं बोलत नाही, नवऱ्याच्या मर्जीतली. मग पान लावता लावता म्हणाल्या, "आन् जात्यावर लई ग्वाड गाती. काय गाती त्ये मातर उमगत न्हाई. त्वांड मिटलेलं आस्तंय."

शांतम्मानं नवऱ्याकडं पाहिलं. गुरुपादप्पा उठला. बांगडीचा सांधा ढिला दिसतोय, उघडायच्या आत वरून पक्का करून देतो, असं सांगून त्यानं सिंधूला मागच्या पडवीत शेगडीपाशी नेलं.

पोरगी मुकाट्यानं बसली. वाळली होती, पण तोंडावर समाधान होतं. तिनं हात पुढं केला तसा तो वास आला आणि त्यानं तोंड फिरवलं. स्वतःच्या लेकीपासून तोंड फिरवल्याची त्याला लाज वाटली.

"कधीपास्नं हाय हे?"

"हळदीपास्नंच."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"मोडलं असतं की, आप्पा."

त्यानं सळई तापवली. एका बांगडीचा सांधा उघडला आणि बांगडी हळूच फाकवली. ती सुटताना चिकट आवाज झाला.

बांगडीखाली कातडी नव्हती.

जखमही नव्हती. मनगटाभोवती बांगडीच्या रुंदीचा पट्टा, ओठाच्या आतल्या बाजूसारखा लालसर, ओला, गुळगुळीत. त्याच्या मधोमध एक आडवी चीर.

चीर उघडली. मिटली.

गुरुपादप्पा जवळ वाकला.  चिरेच्या कडेला तांदळाच्या कणीएवढं काहीतरी पांढरं होतं. त्यानं बोट पुढं नेलं.

"हात नका लावू," सिंधु म्हणाली. "दुखतं."

"का?"

"दात यायलेत."

ओसरीवरून गुणाबाईंनी हाक मारली. बैल जुंपले होते, दिवस मावळायच्या आत औसा गाठायचं होतं. सिंधूनं बापाकडं पाहिलं. ती रडत नव्हती. तिनं दुसऱ्या हातानं बांगडी धरली आणि सांधा त्याच्यासमोर आणून ठेवला.

चिरेतून बारीक, स्वच्छ सूर निघाला. चढत गेला. वर जाऊन उभा राहिला.

गुरुपादप्पानं सळई पुन्हा निखाऱ्यात घातली. आपल्या खांद्यावरच्या उपरण्यानं त्यानं चिरेवरची लाळ पुसली, बांगडी जागेवर बसवली आणि सांधा मिटवला. सूर आत राहिला. त्यानं सांध्यावरून अंगठा फिरवून पाहिला. काम चोख झालं होतं.

शांतम्मानं लेकीची ओटी भरली, हातावर दही दिलं आणि वाटेत तोंडात टाकायला गुळाचा खडा दिला. सिंधु गाडीत सासूशेजारी बसली. बैल हलले तशी तिनं वळून आईबापांकडं पाहिलं आणि गुळाचा खडा पदराखाली दुसऱ्या हातातल्या चुड्यापाशी नेला. हात बाहेर आला तेव्हा तो रिकामा होता, आणि तिचं तोंड हललं नव्हतं.