शेवटचा कॅच

मोहर्लीभोवतीच्या जंगलात कॅमेरे लावलेत. वाघ दिसला की गावात भोंगा वाजतो, माणूस दिसला तर गप्प. हे ठरवणारा जावा प्रोग्राम माझा. माझे बाबा, सोमाजी, उन्हाळ्यात पहाटे मोहाची फुलं वेचायला जातात, म्हणून जरा जास्तच जीव लावून लिहिला.

प्रोग्राम अडखळला की एक्सेप्शन फेकतो आणि ते झेलायला कॅच लागतो. कॅमेरा बंद पडला तर एक, फोटो अर्धवट आला तर दुसरा, नेट गेलं तर तिसरा. आमच्याकडे ते जातंच, मेलं. सगळ्यात खाली एक मोठा कॅच, ज्याचं नाव माहीत नाही त्या सगळ्यासाठी. त्यात कधी काही पडलं नव्हतं.

सोमवारी पडलं.

फोटो उघडला. तळ्याजवळची वाट, आणि बाबांचं टोपलं, लाल चिंधी बांधलेलं. जमिनीवर नाही. कंबरेइतकं वर, हवेत. धरणारं कोणी नाही.

टोपलं तर स्वयंपाकघरात खुंटीला होतं.

"कॅमेराच खराब असन," बाबा म्हणाले. "तू काऊन घाबरून राह्यली?"

"उद्या जाऊ नका."

"मोह का माह्यासाठी थांबते?"

मी भांडले. टोपलं कपाटात टाकून कुलूपच लावलं. बाबा दिवसभर फुगून बसले.

दुसऱ्या दिवशी ते टोपलं विहिरीजवळच्या कॅमेऱ्यात दिसलं. आता काठोकाठ भरलेलं. मी लगेच शेवटच्या कॅचमध्ये एक ओळ घातली: काय आहे ते कळो न कळो, भोंगा वाजव. तेव्हा कुठे धीर आला.

आज सकाळी बाबा माझ्याजवळ बसून चहा घेत होते. भोंगा वाजला नाही. एकही कॅच लागला नाही. बरं वाटलं, शप्पथ!

मग स्क्रीनवर फोटो आला. आमच्याच परसाचं कुंपण. तेच टोपलं, तसंच हवेत. खाली प्रोग्रामनं जराही न अडखळता लिहिलं होतं: माणूस. धोका नाही.

घरात मोहाचा वास आला.

"माधवी, दार उघड वं," परसातून बाबांचा आवाज.

मी शेजारी बघितलं. बाबांनी कप खाली ठेवला.

"उघड ना," ते म्हणाले. "थकून आलो असन मी."