जास्वंदीमागचा अंधार

कौस्तुभमामांकडे तीन कॅमेरे होते आणि तिन्ही सर्वोजेडी. २०७४ साली दुसरे मिळतच नव्हते म्हणा. सर्वोजेडी म्हणजे समोर असेल तेवढा सगळा उजेड टिपणारा; दुपारचं रणरणतं ऊनही आणि त्याच फोटोतला पलंगाखालचा काळोखही. मामांचा मॉनिटर मात्र जुना, साधा. "चालतोय की! चालती वस्तू टाकायची कशाला?" साताऱ्यात अशी माणसं अजून आहेत, आणि असावीतच.

मामांना वेड एकच, जास्वंदीचं. या झाडाचे पराग त्या झाडाच्या फुलाला लावून ते गच्चीवर नवेनवे रंग काढत. जास्वंद टिकते एक दिवस, म्हणून उमलली की लगेच फोटो. फूल उन्हात आणि मागे जिन्याच्या उघड्या दारातला काळोख. त्यावर रंग असा काही खुलायचा! वाऱ्यानं ते दार आपटायचं, म्हणून मधुरामामी आतून ते धरून उभ्या राहत. "अजून आत हो गं, फोटोत येशील," मामा ओरडत. सोळा वर्षं हे चाललं.

मग मामी गेल्या. वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं आणि भिंतीवर लावायला त्यांचा एक धड फोटो सापडेना. त्यांना फोटोचा कंटाळा. कुणी कॅमेरा काढला की या चहा टाकायला आत पळत. ओळखपत्रावरचा होता, पण त्यात त्या नुकत्याच कुणाशी तरी भांडून आल्यासारख्या दिसत. मामा अगदी रडकुंडीला आले आणि त्यांनी भाचीला, स्वरूपाला, बोलावून घेतलं. ती पुण्याला दृष्टिविज्ञान शिकवायची.

"इतके फोटो काढलेत तुम्ही, आणि मामी एकातही नाही?"

"सगळी फुलं आहेत गं. तीन हजार."

स्वरूपानं एक उघडला. लालभडक फूल, मागे काळंकुट्ट. "मामा, या काळ्यात मामी उभी आहे."

"चेष्टा करू नकोस हं."

"चेष्टा नाही. उन्हापासून अंधारापर्यंत उजेडाच्या लाख पायऱ्या आहेत असं समजा. कॅमेऱ्यानं सगळ्या टिपल्यात. तुमचा पडदा एका वेळी दाखवणार जेमतेम हजार. कुठल्या हजार, ते निवड्या ठरवतो."

निवड्या हा संगणकातला छोटासा प्रोग्रॅम. मॉनिटरवरच्या बारीक भोकातून तो बघणाऱ्याचे डोळे पाहतो. नजर जिथं रेंगाळते तिथला उजेड नीट दाखवतो. बाकीचं काळं तरी पडतं, नाहीतर पांढरंफटक. हळूहळू तो माणसाची सवय शिकतो आणि मग न सांगताच तेवढं दाखवायला लागतो.

मामांनी पडद्यावरच्या त्या काळ्यावर बोट ठेवलं. "म्हणजे मी तिकडे बघितलंच नाही, म्हणून ती दिसली नाही."

"असं काय बोलता? फोटो फुलाचा होता ना!"

"तेच म्हणतोय मी."

स्वरूपानं निवड पायऱ्या-पायऱ्यांनी खाली अंधाराकडे नेली. फूल पांढरं होत होत विरून गेलं. काळ्यातून आधी एक हात आला, मग खांदा, मग मामी. दार धरलेल्या, केसांना पीठ लागलेलं, आणि कॅमेऱ्यामागच्या मामांकडे बघून हसणाऱ्या.

"अगं, ही बघ! मला हसतेय बघ, लबाड!" मामा उठूनच उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "दुसरा लाव. इथं चिडलीय. इथं पेंगतेय. आणि इथं? शेंगदाणे खातेय! मला म्हणायची, डॉक्टरांनी बंद केलेत!"

"दोन्ही दिसतील असं करून देऊ?" स्वरूपानं विचारलं. "फूलही, मामीही. फक्त दोघांनाही थोडं दाबावं लागेल. रंग फिके पडतील, चेहराही तितका खरा राहणार नाही."

"नको. तिच्यात काटछाट नको. फुलं गेली तरी चालतील."

सोळा वर्षांचे रंग त्यांनी एका वाक्यात सोडून दिले. वर्षश्राद्धाला पीठ लागलेल्या केसांचा फोटो भिंतीवर लागला. पण मामांचं तेवढ्यानं भागेना. सकाळी चहा झाला की ते मॉनिटरसमोर बसत, एकेक फोटो उघडत आणि फुलाकडे ढुंकूनही न बघता मागच्या काळोखात मामींना शोधत. महिन्याभरात निवड्या ते शिकला. मग फोटो उघडला की मामी आपोआपच हजर.

दसऱ्याच्या सुमारास सकाळी स्वरूपाचा व्हिडिओ कॉल आला. मामांनी तो त्याच मॉनिटरवर घेतला.

"मामा, आत्ताच डॉक्टरांकडून आले. आईलासुद्धा अजून सांगितलं नाही, पहिला फोन तुम्हाला! चेहऱ्यावरून ओळखा बरं काय असेल?"

चेहऱ्याच्या जागी एक पांढरा डाग बोलत होता. त्याच्यामागे मात्र पुस्तकांच्या कपाटाखालचा काळोख हळूहळू उजळत होता. एक पिशवी दिसली, झाडू दिसला, भिंतीचा कोपरा दिसायला लागला.

"ओळखा ना मामा! दिसतेय ना मी?"

"एक मिनिट थांब हं," मामा म्हणाले, आणि तिच्या खांद्यामागे बघत राहिले.